फुंकणीचा पहिला नियम

आमच्या भाऊजींच्या घोरण्याबद्दल मला पहिल्यापासून आदर होता. घोरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. भाषणभर घोरून, ते संपल्यावर सगळ्यांत आधी टाळ्या वाजवणारेही पाहिले आहेत. पण ते सगळे हौशी. भाऊजींचं घोरणं छातीत सुरू व्हायचं, घशात वळण घ्यायचं आणि बाहेर पडताना कपाटाच्या काचा हलवून जायचं. शेजाऱ्यांचा कुत्रा आमच्या भिंतीकडे पाठ करून झोपायचा. याहून कडक निषेध त्या बिचाऱ्याला सुचला नसावा.

ताईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, त्या आवाजाचं काही नव्हतं. तिला धसका होता तो आवाज थांबण्याचा. ऐन रंगात आलेलं घोरणं एकदम बंद पडायचं. घोरणं म्हणजे श्वासच. छाती हलायची नाही, नाकपुडी हलायची नाही. ताई उठून बसायची, वाट बघायची, मग बरगडीत कोपर मारायची. भाऊजी विहिरीच्या तळातून वर आल्यासारखा आचका देऊन श्वास घ्यायचे, आणि मैफल पुढे चालू. सकाळी विचारावं तर अंग मोडत म्हणणार, "मस्त झोप झाली!"

"झाली असेल," ताई म्हणायची. "राखण मीच करत होते."

भाऊजींचा धंदा काच फुंकण्याचा. घराच्या खाली कारखाना, मागे भट्टी, पुढे दुकानाची खोली. मी निवृत्त माणूस, बायको गेल्यापासून यांच्याच वरच्या मजल्यावर राहतो. पुढच्या खोलीत बसून माल गवतात गुंडाळतो आणि गिऱ्हाइकांना "हात लावू नका" हे वेगवेगळ्या गोड शब्दांत सांगतो. भट्टीपाशी माझी नेमणूक होऊ शकली नाही, कारण मला पहिला नियमच जमला नाही.

फुंकणी म्हणजे माणसाच्या उंचीची पोकळ लोखंडी नळी. तिच्या एका टोकावर भट्टीतली वितळलेली काच मधासारखी गुंडाळून घ्यायची, फिरवत राहायची, आणि दुसऱ्या टोकातून फुंकायचं. पहिला नियम असा, की नळी ओठांना लागली की तिच्यातून श्वास आत ओढायचा नाही. कधीच नाही. पलीकडे निखारा असतो. ती हवा छातीत गेली तर संपलंच. घ्यायचं ते नाकाने, द्यायचं ते तोंडाने. भाऊजींना हे त्यांच्या वडिलांनी टपली मारून शिकवलं. भाऊजींनी आपल्या लेकीला टपली न मारता शिकवलं, कारण ती परत मारते.

ही लेक आता कारखाना चालवते. बापाची छाती आणि आईचं कोपर, दोन्ही तिच्याकडे आलं आहे.

त्या दुपारी दिव्याच्या गोळ्याचं काम चाललं होतं. एका सभागृहाच्या जिन्यावर टांगायला कलिंगडाहून मोठे काचेचे गोळे हवे होते. असलं काम दोघांचं. भाऊजी उंच चौथऱ्यावर उभे राहून फुंकणी फिरवणार आणि फुंकणार. लेक खाली उभी राहून ओल्या वर्तमानपत्राची जाड घडी तळहातावर धरून त्या लालभडक गोळ्याला आकार देणार. हो, वर्तमानपत्राचीच. तापलेली काच आणि माणसाचा हात यांच्यामध्ये फक्त कालच्या बातम्या असतात. (अग्रलेखाचं पान सगळ्यांत जास्त पाणी धरतं, हे मी स्वतः पाहिलं आहे. संपादकांनी वाईट वाटून घेऊ नये.) या कामात एकच पथ्य: फुंकणी फिरायची थांबता कामा नये. थांबली की काच खाली ओघळते. आणि खाली हात असतो.

भाऊजी उभ्या उभ्या झोपले.

फुंकणी थांबली. गोळा एका बाजूला लोंबला, लांबला, आणि लेकीच्या मनगटाच्या दिशेने सुटला. तिने हात मागे घेतला म्हणून वाचली. काच फरशीवर पडली. तो काळा डाग अजून आहे.

"काय झालं?" भाऊजींनी डोळे उघडून विचारलं.

लेकीने त्यांच्या हातातून फुंकणी घेतली, भिंतीशी उभी केली. खोक्यांवर खुणा करायचा खडू उचलला आणि भट्टीच्या अलीकडे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फरशीवर रेघ मारली.

"बाबा, ही रेघ. झोप सुधारत नाही तोवर हिच्या आत यायचं नाही."

"कारखाना माझा आहे!"

"कारखाना तुमचा. हात माझा."

भाऊजी रेघेच्या अलीकडे आले. एवढे मोठे गोळे फुंकणारी छाती दुसऱ्या कुणाची नव्हती, त्यामुळे ते काम तिथेच अडलं. भाऊजी रोज सकाळी आंघोळ करून, कामाचे कपडे घालून खाली यायचे आणि रेघेच्या अलीकडे उभे राहायचे. चपलेचं टोक रेघेला टेकवून. जगातली सगळी सुखं रेघेच्या पलीकडे आणि आपण अलीकडे, असा चेहरा करून.

झोपेचे डॉक्टर निघाले. (असतात. मी गेलो तेव्हा जागे होते.) त्यांनी भाऊजींच्या अंगाला तारा चिकटवून एक रात्र निजवलं आणि सकाळी सांगितलं, "झोपेत तुमचा घसा सैल पडून मिटतो. हवेचा रस्ता बंद. मेंदू घाबरून तुम्हाला उठवतो, तुम्हाला ते आठवतही नाही. तुम्ही रात्रभर झोपत नाही हो, रात्रभर बुडता आणि वर येता."

ताईने हातातली पिशवी घट्ट धरली. ती हेच किती वर्षं सांगत होती, पण तिच्याकडे तारा नव्हत्या.

मग मशीन आलं. उशाशी ठेवायचं एक खोकं, त्यातून निघालेली लवचीक नळी, नळीच्या टोकाला नाकातोंडावर बसणारा मास्क. खोक्यातल्या डब्यात शुद्ध पाणी भरायचं, म्हणजे हवा ओलसर येते, घसा कोरडा पडत नाही. मास्क बसवायला आलेल्या बाई मोठ्या हसतमुख. पट्टे कसे बांधायचे, मास्क रोज कसा धुवायचा, सगळं त्यांनी दाखवलं आणि म्हणाल्या, "काका, रात्रीच नाही, दुपारी डुलकी काढलीत तरी लावायचा. हे मशीन सगळं लक्षात ठेवतं बरं का."

हे त्यांनी सांगायला नको होतं. लेकीने ताबडतोब ते आपल्या फोनला जोडून घेतलं.

पहिल्या रात्री मास्क उशीखाली सापडला. दुसऱ्या रात्री पलंगाखाली. लेकीने निदान केलं: मिशी. मास्क टेकत नाही, हवा निसटते. भाऊजींची मिशी म्हणजे आमच्या दुकानाची पाटीच होती; गिऱ्हाइकं पत्ता विचारताना तिच्यावरून विचारत. एका सकाळी भाऊजी तोंडावर रुमाल धरून खाली आले. मग त्यांनी रुमाल काढला. ताई म्हणाली, "अगं बाई, हे तर माझ्या सासूबाईंसारखे दिसतात." मशीनवर काही परिणाम झाला नाही. मिशी गेली आणि मास्क पलंगाखालीच.

"लावल्या लावल्या जीव घुसमटतो," भाऊजी म्हणाले. "छाती भरून येते. ते खोकं माझ्याशी भांडतं."

आणि मग त्यांनी तो उद्योग केला.

टोप्यांच्या दुकानांसाठी आम्ही काचेची डोकी करतो. नाक, हनुवटी, सगळं असलेली. त्यातलं एक भाऊजींनी गुपचूप वर नेलं, त्याला मास्क चढवला, पांघरुणात निजवलं आणि स्वतः पाठ करून नेहमीच्या जोमाने घोरले. ताईला जाग आली तेव्हा शेजारी एक पारदर्शक गृहस्थ मास्क लावून पडलेले. तिची किंकाळी ऐकून मी वरून धावत आलो, आणि खोटं कशाला सांगू, मलाही क्षणभर वाटलं, उपचार जरा जास्तच लागू पडले.

सकाळी लेक फोन बघत चहाला आली. "बाबा, अभिनंदन. मास्क एवढा छान आजवर बसला नव्हता. हवा थेंबभरही निसटली नाही."

भाऊजींनी विनयाने मान झुकवली.

"फक्त मशीन म्हणतंय, तुम्ही रात्रभर एकदाही श्वास घेतला नाहीत."

"डॉक्टरांनीही तेच सांगितलंय की," भाऊजी म्हणाले. पण त्यांचा आवाज उतरला होता. चहा तसाच ठेवून ते खाली गेले आणि रेघेपाशी उभे राहिले. लेकीचंही हसू गेलं. "मामा," ती मला हळूच म्हणाली, "मला त्यांना बाहेर ठेवायची हौस आहे का? पण मनगटावर अजून ती ऊब जाणवते."

मास्कवाल्या बाईंना तिनेच पुन्हा बोलावलं. बाई आल्या त्या दिवसाउजेडी, पुढच्या दुकानात. भाऊजींना खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, "झोपायचं नाही काका. नुसतं जागेपणी मास्क लावून बसायचं. मला बघू दे काय होतं ते."

मशीन सुरू झालं. आणि आम्ही सगळ्यांनी पाहिलं. भाऊजींचे गाल फुगले. मान ताठ झाली, डोळे समोरच्या भिंतीवर स्थिर झाले, आणि नळीतून येणाऱ्या हवेच्या तोंडावर त्या माणसाने आपली सगळी छाती रिकामी केली. मास्क चारी बाजूंनी फुर्र करून वाजला.

"काका! तुम्ही फुंकताय!"

भाऊजींनी मास्क वर सरकवला. "मग? नळीत दुसरं काय करतात?"

"श्वास घेतात हो."

"नळीतून?" असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. बाईंनी त्यांना फिनेल प्यायला सांगितल्यासारखे ते मागे सरकले.

लेकीने कपाळावर हात मारला. "पहिला नियम," ती म्हणाली.

आता आमच्याही ध्यानात आलं. झोपेत माणूस सगळं विसरतो, आपलं नाव विसरतो. पण भाऊजींचं अंग तो नियम विसरत नव्हतं. ओठांशी नळी आली की त्यांची छाती दार लावून घ्यायची आणि उलटं फुंकायची. वडिलांनी मारलेली टपली इतकी वर्षं रात्रभर पहारा देत होती.

बाई हसतील असं मला वाटलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मला दाखवाल, तुम्ही काय करता ते?"

भाऊजींनी लेकीकडे पाहिलं. लेक आत गेली, फुंकणीवर थोडी काच घेतली. आम्ही तिघे रेघेच्या अलीकडे ओळीने उभे राहिलो. तिने एक फुंकर घातली आणि नळीच्या तोंडावर चटकन अंगठा दाबून धरला. क्षणभर काही नाही. मग त्या केशरी लोळ्याच्या पोटात एक बुडबुडा उमलला.

इतकी वर्षं मी तो माल गवतात गुंडाळतोय. पण त्या दिवशी बाईंनी श्वास रोखला तो मला ऐकू आला, आणि मीही पहिल्यांदाच पाहिल्यासारखं पाहिलं. कुणाचा तरी श्वास, डोळ्यांना दिसणारा, आत जाऊन बसलेला.

"बघा," भाऊजी हळू आवाजात सांगायला लागले, "काच आता मऊ आहे. तिला स्वतःचा असा जोर नाही. सोडून दिली तर आतल्या आत बसेल, भिंतीला भिंत चिकटेल. म्हणून आत थोडी हवा धरून ठेवायची. जास्त नाही हां. जास्त दिली तर फाटेल. तिने बसू नये एवढीच."

"आणि ही हवा काढून घेतली तर?"

"मिटेल."

बाई भाऊजींकडे वळल्या. स्वतःच्या गळ्याला बोट लावलं. "काका, झोपेत तुमचं हे असंच मऊ पडतं. त्यालाही स्वतःचा जोर नसतो. भिंतीला भिंत चिकटते."

भाऊजींनी स्वतःच्या गळ्यावरून हात फिरवला, तयार मालावरून फिरवतात तसा, कुठे चीर आहे का बघत.

"म्हणजे मी काच."

"हो."

"आणि ते खोकं?"

"ते फुंकतं. रात्रभर. तुम्ही बसू नये एवढंच."

"रात्रभर?" भाऊजींचा आवाज बदलला. "अंगठा न काढता?"

"अंगठा न काढता."

ते पुन्हा त्या बुडबुड्याकडे बघत राहिले. धंद्यातल्या माणसाने धंद्यातल्या माणसाला मानावं तशी त्यांनी मान हलवली. मग एकदम मूळ पदावर येत म्हणाले, "पण फुंकर घालतं कुठे ते बेणं! तोंडावर कुणी फुंकतं का? तोंड द्यायला असतं."

"मग घ्यायला काय असतं?"

"नाक!" बापलेक एकदमच म्हणाले.

बाईंनी तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला, आणि बोलणं झाल्यावर पिशवीतून दुसरा मास्क काढला. फक्त नाकावर बसणारा. तोंड मोकळं. "ओठ मिटून ठेवता येतील?" असं त्यांनी विचारलं, आणि समोर कोण आहे ते आठवून स्वतःच जीभ चावली. हवा सुरुवातीला अगदी हलकी ठेवून हळूहळू वाढेल, असंही मशीनला सांगितलं.

"असंच असतं," भाऊजी समाधानाने म्हणाले. "पहिली फुंकर नेहमी लहान."

तेव्हापासून रोज थोडा वेळ भाऊजी माझ्या दुकानात जागेपणी मास्क लावून बसायला लागले. पेपर वाचत. सगळीकडे काचेचा माल आणि मधोमध नाकाला नळी लावलेला, बिनमिशीचा, गंभीर माणूस. एका गिऱ्हाइकाने मला हळूच विचारलं, "हे विकायला आहे का?" मी म्हटलं, "बहिणीला विचारून सांगतो."

पेपर वाचता वाचता एका दुपारी भाऊजींची मान कलली. पेपर मांडीवर आला.

मी सवयीने जवळची भांडी आत सरकवली. आता सुरू होईल म्हणून वाट पाहिली. काहीच सुरू झालं नाही. मशीनची सुस्कारल्यासारखी बारीक कुजबुज, बस्स. तेवढ्यात ताई चहा घेऊन आली. ती शांतता तिच्या कानावर पडली मात्र, तिचा चेहरा पांढरा झाला. चहा तिने टेबलावर आदळला आणि कोपर उचलून धावली.

मी तिचा हात धरला. "ताई, थांब. नुसतं बघ."

भाऊजींची छाती वर आली. खाली गेली. घाई नाही, आचका नाही. पुन्हा वर आली. ओठ मिटलेले, कपाळावरची आठी सुटलेली. तो चेहरा मी कधी तरी पाहिला होता. आठवलं, त्यांच्या लग्नात. ताई उभी होती. प्रत्येक श्वासाबरोबर तिचं अंग पुढे झुकत होतं, हा गेला, आता पुढचा येतो का? येत होता. न बोलावता येत होता.

"येतोय रे," ती कुजबुजली. "आपला आपण येतोय."

बराच वेळ ती तशीच होती. मग गवत भरलेल्या एका खोक्यावर टेकली. पुढच्या श्वासाची वाट बघता बघता तिची मान भिंतीला लागली, आणि माझी बहीण, जिला मी दिवसा झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं, बसल्या जागी गाढ झोपली. राखणदाराला कुणीतरी येऊन सांगितलं होतं, जा, तुझी पाळी संपली.

एक गिऱ्हाईक दार उघडून आलं. मी ओठांवर बोट ठेवलं. ते चवड्यांवर चालत आलं, बोटाने एक फुलदाणी दाखवली, घेतली, गेलं. दुकानाच्या इतिहासात बाकी कशालाही हात न लावणारं ते एकमेव गिऱ्हाईक.

त्यानंतर रात्रींमागून रात्री मास्क नाकावरच राहिला. सकाळी उठल्यावर भाऊजी आधी तो धुवायचे, नळी उजेडाकडे धरून आत बघायचे, डब्यातलं पाणी बदलायचे. फुंकणी पुसावी तशी निगुतीने. खोक्याला ते "कारागीर" म्हणू लागले. लेक रोज फोन बघायची. भाऊजी रेघेपाशी यायचेच. पण आता ते तिथे जागे उभे असायचे, आणि त्यातला फरक मला दुकानातूनही दिसायचा. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, कामाला हरकत नाही म्हणून सांगितलं. तरी लेकीने रेघ पुसली नाही. हात तिचा होता.

मग एका सकाळी तिने भट्टी वाढवली. बादलीत वर्तमानपत्राची घडी भिजत टाकली. भाऊजी नेहमीसारखे चपलेचं टोक टेकवून उभे. तिने भिजलेली घडी उचलली, खाली वाकली, आणि त्या घडीनेच फरशीवरची खडूची रेघ पुसून काढली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

"या बाबा."

ताईला मी हाक मारून आणलं. आम्ही दोघं दारातच थांबलो. भाऊजी चौथऱ्यावर चढले. फुंकणीच्या टोकाला काच एवढी, की तिच्या उजेडाने छत तांबूस झालं. लेक खाली उभी राहिली, दुसरी ओली घडी तळहातावर ठेवली, आणि त्या सूर्याखाली हात नेला. वाफ फुसफुसली. जळक्या कागदाचा वास आला. फुंकणी फिरत होती. तिची नजर काचेवर नव्हती. वर होती, बापाच्या डोळ्यांवर.

डोळे टक्क उघडे होते.

भाऊजींनी नाकाने श्वास घेतला. लांब, पुरा, तळापर्यंत. तो आवाज आम्हाला दारात ऐकू आला. मग ओठ नळीला लागले आणि तो श्वास काचेत गेला. गोळा फुगला. नारळाएवढा, कलिंगडाएवढा, त्याहून मोठा, इतका पातळ की पलीकडची भट्टी त्यातून दिसायला लागली, थरथरणारी.

"अजून थोडी, बाबा."

त्यांनी दिली.

"आता धरा."

भाऊजींनी नळीच्या तोंडावर अंगठा दाबला आणि सगळं थांबलं. त्यांची छाती हलेना. लेकीचा हात हलेना. फक्त फुंकणी सावकाश फिरत होती आणि तो प्रचंड गोळा हवेत तरंगल्यासारखा उभा होता, न बसता, न फाटता.

माझ्या शेजारी ताईचं कोपर आपोआप वर आलं होतं. भाऊजींनी नाकाने पुढचा श्वास घेतला, तेव्हा तिने ते खाली घेतलं.